गाठ

मानुफाक्तुराला जायचं ठरलं की आमच्या शेजारच्या आजी कपाटातला चांगला कोट काढतात, ओठांना हलकीशी लाली लावतात आणि दहा मिनिटं आधीच लिफ्टपाशी येऊन उभ्या राहतात. मॉलमध्ये गेल्यावर मात्र त्या काही विकत घेत नाहीत. कपड्यांच्या दुकानात शिरतात, एखादा शर्ट हँगरवरून उतरवतात, उलटा करतात आणि बाहीचं कापड अंगठा-तर्जनीत धरून हळूहळू चोळतात. त्या वेळी त्यांची नजर शर्टावर नसते, समोर कुठेतरी लागलेली असते. गिरणीतून दळण आणल्यावर आपल्या बायका पीठ चिमटीत घेऊन बघतात ना, तसं. मग कापड उजेडाकडे धरतात. "सूत बरं आहे," त्या म्हणतात, "पण विणताना ताण सारखा ठेवला नाही. चार धुण्यांत वाकडं होईल." किमतीची चिठ्ठी बघतही नाहीत. शर्ट परत लावतात, कॉलर सारखी करतात आणि पुढच्या दुकानात जातात.

मी पोलंडमधल्या ज्या शहरात राहते त्याचं नाव नकाशावर लोड्झ असं वाचलं जातं, पण इथली माणसं म्हणतात वूच. अर्थ होडी. होडीला लागेल एवढं पाणी मात्र गावात कुठेच दिसत नाही. जे ओढे-नाले होते ते गिरण्यांच्या काळात गटारांसारखे जमिनीखाली घातले गेले. 1820 साली या गावात हजारभर माणसंही नव्हती. मग कापूस आला, वाफेची यंत्रं आली, जर्मन विणकर आले, ज्यू व्यापारी आले, आजूबाजूच्या खेड्यांतली पोलिश माणसं कामाला आली आणि शंभर वर्षांच्या आत लाखांची वस्ती उभी राहिली. लाल विटांच्या गिरण्या, त्यांना चिकटून मालकांचे वाडे, आणि पलीकडे कामगारांच्या लाल विटांच्याच चाळी. क्शेंझी म्विन भागात कार्ल शाइब्लरनं बांधलेल्या अशा चाळींच्या रांगा अजून जशाच्या तशा आहेत. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा मी चालता चालता थांबले होते. मधलं अंगण, कडेला कोळशाच्या कोठ्या, समोर गिरणीचं फाटक. फाटकापासून घर इतकं जवळ की भोंगा झाल्यावर निघालं तरी पाळी गाठता यावी. हे अंतर मला पाठ होतं. मी लालबागच्या चाळीत वाढले. आमचे अप्पा गिरणीच्या साचे खात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर.

मानुफाक्तुरा ही इझ्राएल पोझनान्स्कीची गिरणी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती सरकारजमा झाली आणि तिला युलियान मारख्लेव्स्की या कम्युनिस्ट नेत्याचं नाव मिळालं. 1990 च्या दशकात ती बंद पडली आणि मे 2006 मध्ये तिचा मॉल झाला. कताईच्या इमारतीत आता हॉटेल आहे, विणकामाच्या एका इमारतीत आधुनिक कलेचं संग्रहालय. विटा घासून-पुसून इतक्या लख्ख केल्यात की त्यांच्यावर शंभर वर्षांचा धूर बसला होता हे सांगूनही खरं वाटत नाही.

आजी या गिरणीत नव्हत्या, शहरातल्या दुसऱ्या एका मोठ्या सुती गिरणीत होत्या. 16 व्या वर्षी लागल्या, 40 व्या वर्षी सुटल्या. इथे आजी म्हणते आहे ती मराठीपुरती. पोलिशमध्ये परक्या बाईला 'पानी' म्हणायचं, म्हणजे आपलं 'बाई' किंवा 'अहो'. वर्षभर आम्ही एकमेकींना पानी, पानी करत होतो. मग एका संध्याकाळी त्यांनी घरी केलेली चेरीची दारू दोन इवल्याशा पेल्यांत ओतली आणि म्हणाल्या, आजपासून मला 'तू' म्हण. इथे हा मान मोठ्यानं लहानाला द्यायचा असतो आणि तो नाकारायचा नसतो. पोलिशमध्ये मी त्यांना 'तू' म्हणते. मनात मात्र अजून 'अहो आजी'च येतं, म्हणून इथे तेच लिहिते.

त्यांना फार कमी ऐकू येतं. 24 वर्षं साच्यांच्या आवाजात काढलेल्या माणसाला ऐकू येत नाहीच. त्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात, आणि त्यामुळेच माझं पोलिश या शहरात सगळ्यात आधी त्यांना कळलं. "तुझं व्याकरण चुकतं," त्या म्हणाल्या होत्या, "पण तोंड बरोबर हलतं." आमच्या खोलीतही सगळे ओरडून बोलायचे. अप्पांना ऐकू जावं म्हणून. लग्न होऊन सासरी गेल्यावर माझी बहीण हळू बोलायला शिकली.

तर या बाईंकडून मी पोलंडची कम्युनिस्ट राजवटीतली आणि ती पडल्यानंतरची वर्षं ऐकली. त्याआधी मला ती आकड्यांतून माहीत होती. वाणिज्य शाखेत असताना आम्हाला 'समाजवादी अर्थव्यवस्थांचं संक्रमण' असा एक धडा होता, त्यात पोलंडला पाऊण पान होतं. त्या पाऊण पानात चूक काही नव्हतं. त्यात बायका नव्हत्या, एवढंच.

आजी 19 वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. डिसेंबर 1970 मध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, सरकारनं मांस आणि इतर खाण्याच्या वस्तूंचे भाव वाढवले. बाल्टिकच्या किनाऱ्यावर गदान्स्क, गदिनिया, श्चेचिन इथले गोदी कामगार रस्त्यावर उतरले आणि सैन्यानं गोळ्या घातल्या. चाळीसहून जास्त माणसं मेली. कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख गोमुल्का गेला, गिएरेक आला, पण भाव तसेच राहिले. मग 10 फेब्रुवारी 1971 ला वूचमध्ये, याच मारख्लेव्स्की गिरणीत, बायकांनी साचे बंद केले. पाठोपाठ दुसऱ्या गिरण्यांतूनही. पंतप्रधान यारोशेविच स्वतः शहरात आले, रात्री गिरणीत जाऊन बायकांसमोर उभे राहिले. या पगारात पोरांना काय घालायचं ते तुम्हीच सांगा, असं त्या बायकांनी त्यांना तोंडावर विचारलं. 15 तारखेला भाववाढ मागे घेतल्याचं जाहीर झालं. किनाऱ्यावर रक्त सांडून जे मिळालं नव्हतं ते वूचच्या विणकरणींनी पाच दिवसांत मिळवलं.

आजींना यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं? "यंत्रं थांबली ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या खात्यातल्या बायकांचे आवाज ऐकू आले. तीन वर्षं मी त्यांचे नुसते ओठ ओळखत होते. एकीचा आवाज अगदी पुरुषी होता. मला इतकं नवल वाटलं!"

पुढची दहा वर्षं आधी उसन्या पैशांची आणि मग रांगांची. गिएरेकनं पश्चिमेकडून भरमसाट कर्जं काढली, काही काळ दुकानं भरली, मग हप्ते भरायची वेळ आली आणि दुकानं रिकामी झाली. 1981 मध्ये मांस शिधापत्रिकेवर गेलं. त्या काळाची एक वेगळीच भाषा होती. दुकानात माल आला की लोक म्हणायचे 'झुचिली', म्हणजे 'टाकला'. साखर टाकली, चपला टाकल्या. भुकेल्या कुत्र्यापुढे भाकरी टाकावी तसा तो शब्द, आणि लोक तो अगदी सहज वापरायचे. शौचालयाच्या कागदाचे रोल मिळाले की सुतळीत ओवून गळ्यात माळेसारखे घालून बायका घरी जायच्या आणि रस्त्यावरचा प्रत्येक जण विचारायचा, कुठे टाकलेत? फळ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या तेवढ्या कधी संपायच्या नाहीत.

जुलै 1981 च्या शेवटी पिओत्रकोव्स्का या वूचच्या मुख्य रस्त्यावरून बायकांचा मोर्चा निघाला. पोरांच्या ढकलगाड्या पुढे, रिकामी भांडी हातात. इतिहासात तो 'भूक मोर्चा' म्हणून नोंदला गेला. आजींची मुलगी दोन वर्षांची होती, तीही गाडीत होती. त्या वर्षी सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेचे जवळपास एक कोटी सभासद होते. तिच्या कार्यक्रमात एक मागणी मला फार महत्त्वाची वाटते: कारखान्याचा कारभार कामगारांनी निवडलेल्या मंडळानं बघावा. गिरणी आमची म्हणता ना, मग हिशेबाची वही आमच्या हातात द्या. त्यांनी नुसती बाजारपेठ मागितली नव्हती. सांगण्या-विचारण्याचा हक्क मागितला होता.

13 डिसेंबर 1981 ला पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईतल्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरीही एका वहीच्या पानावर मी त्या दोन्ही एकाखाली एक लिहून ठेवल्या आहेत.

आता 1989. सरकार आणि सॉलिडॅरिटी यांच्या गोलमेज वाटाघाटी, 4 जूनच्या निवडणुका, आणि वरिष्ठ सभागृहाच्या 100 पैकी 99 जागा सॉलिडॅरिटीला. माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले, अर्थमंत्री झाले लेशेक बाल्त्सेरोविच, वय 42. तेव्हा महागाई अशी होती की पगाराच्या दिवशीच पगार खर्च करायचा, नाहीतर महिनाअखेरपर्यंत त्याची किंमत बरीच घसरायची. परदेशी कर्ज 40 अब्ज डॉलरच्या घरात. बाल्त्सेरोविच यांची योजना 1 जानेवारी 1990 ला एका दिवसात लागू झाली. बहुतेक वस्तूंचे भाव मोकळे, झुओती हे पोलिश चलन डॉलरशी बांधलेलं, सरकारी अनुदानं जवळपास बंद, कोळसा-विजेचे दर कित्येक पटींनी वर. व्याजदर जानेवारीत 36 टक्के झाला. वर्षाला नाही, महिन्याला. आणि सरकारी कारखान्यानं ठरलेल्या मर्यादेपलीकडे पगार वाढवला तर त्यावर जबर दंडकर. त्या एका महिन्यात भाव जवळजवळ 80 टक्क्यांनी वाढले.

"जानेवारी संपता संपता मी खाटकाच्या काचेत हॅम टांगलेलं बघितलं," आजी सांगतात. "रांग नाही, काही नाही. मी काचेसमोर उभी राहिले. आतली बाई माझ्याकडे बघून हसली. आयुष्यात पहिल्यांदा दुकानातली बाई माझ्याकडे बघून हसली. मी 100 ग्रॅम घेतलं आणि घरी येऊन चौघांत वाटलं."

हे हसू त्यांना अजून आठवतं आणि ते सांगताना त्यांचा चेहरा उजळतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्याकडे या विषयावर बोलणारे दोन तट असतात. एकाला जुन्यात सगळं चांगलं दिसतं, दुसऱ्याला नव्यात. त्या हॅमच्या आणि त्या हसण्याच्या आनंदाला खोटं ठरवणारी कुठलीही मांडणी मला मान्य नाही. जुनी दुकानं बंद पडायलाच हवी होती. आजीही तेच म्हणतात. त्यांना परत त्या रांगांत जायचं नाही.

पण गिरणीचं काय झालं ते बघा. कापूस यायचा बराचसा सोव्हिएत मध्य आशियातून आणि कापड जायचं बरंचसं सोव्हिएत बाजारात, ठरलेल्या भावानं, रुबलच्या हिशेबात. 1 जानेवारी 1991 पासून हा व्यवहार डॉलरमध्ये करायचं ठरलं. मॉस्कोकडे डॉलर नव्हते. एका हिवाळ्यात गिऱ्हाईक नाहीसं झालं. इकडे जुन्या कर्जावरही नवं व्याज चढत होतं, यंत्रं जुनी होती, सीमा मोकळ्या झाल्या होत्या आणि तुर्कस्तानातून, पूर्व आशियातून स्वस्त कपडे येत होते. पोलिश माणसालाही आता परदेशी लेबल हवं होतं, कारण 40 वर्षं ते मिळालं नव्हतं. गिरणीतल्या बाईंनी कापड कसं विणलं याचा या कशाशीही संबंध नव्हता. त्यांचे साचे पहिल्यासारखेच चालत होते. गोदामं भरत होती.

आजींच्या गिरणीत तीन पाळ्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक. मग आठवड्यातून तीनच दिवस काम. मग 'सध्या घरी थांबा'. 1992 च्या वसंतात पत्र आलं. गिरणीचं पाळणाघर बंद झालं, डॉक्टर गेला, मुलांची उन्हाळी शिबिरं संपली, बाल्टिकच्या किनाऱ्यावरचं गिरणीचं विश्रामगृह विकलं गेलं. पगार हा त्या यादीतला एक भाग होता. आणि शेवटी साचे. ते कुणी विकत घेतले नाहीत. हातोड्यानं फोडून भंगारात, वजनावर. आजी आपली पेटी रिकामी करायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी तो आवाज ऐकला. ऐकला म्हणजे पायांतून. जमीन हादरत होती. "मला वाटलं खातं चालू झालं," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी त्या दोन वस्तू घेऊन घरी आल्या. एक लाकडी कांडी आणि फणीतून धागा ओढायचा चपटा पितळी आकडा. आकडा आता स्वयंपाकघराच्या खिळ्याला असतो. त्याच्या मधोमध बोटांनी खड्डा पडला आहे, अंगठा बरोबर बसेल एवढा.

1993 च्या अखेरीस पोलंडमध्ये सुमारे 29 लाख माणसं बेकार होती, 16 टक्क्यांहून जास्त. चार वर्षांपूर्वी हा आकडा कागदावर तरी शून्य होता. पहिल्या सरकारातले कामगारमंत्री यात्सेक कुरोन. जुन्या राजवटीत वर्षानुवर्षं तुरुंगात काढलेला माणूस. जीन्सचा शर्ट घालून ते टीव्हीवर यायचे आणि काय चाललं आहे, का चाललं आहे ते लोकांना समजेल अशा शब्दांत सांगायचे. बेकारभत्त्याला लोकांनी त्यांचंच नाव दिलं, कुरोनिउव्का. गरिबांना फुकट वाटल्या जाणाऱ्या सूपलाही तेच. पुढे कुरोन यांनी त्या काळातल्या आपल्या भूमिकेबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. हे बोलायला मोठं मन लागतं. इतरांनी ते फारसं दाखवलं नाही.

आजींनी भत्ता घेतला, सूप घेतलं नाही. "रांगेत मी जन्मभर उभी राहिले," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येक रांगेच्या शेवटी मी पैसे मोजले होते." घरी त्या झालेवाइका करायच्या. आंबवलेल्या राईच्या पिठाचं, बटाटे घातलेलं पातळ सूप, वूचच्या विणकरांचं जुनं जेवण. मला त्यांनी पहिल्यांदा वाढलं तेव्हा पहिल्याच चमच्याला आंबिलीची आठवण आली.

मग शिवण. बैठकीच्या खोलीत वूचनिक मशीन, आणखी दोन मैत्रिणी, आणि पायजमे. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण बाजारपेठ आली ती अशीही आली. डिसेंबर 1988 च्या एका कायद्यानं कुणालाही धंदा करायची मुभा मिळाली होती, आणि पोलंडनं रस्त्यावर कॅम्पच्या खाटा मांडून त्यांवर माल विकायला सुरुवात केली. खाटांनंतर आल्या पत्र्याच्या टपऱ्या, उघडल्या की जबडा वासल्यासारख्या दिसणाऱ्या, म्हणून त्यांचं नावच 'श्चेंकी', जबडे. वूचच्या दक्षिणेला तुशिन आणि झ्गूव इथे कपड्यांचे प्रचंड बाजार वाढले. रशिया, युक्रेन, बेलारूसमधून बसगाड्या भरून गिऱ्हाईक यायचं. पहाटे अंधारात, बॅटरीच्या उजेडात सौदे. आजी आणि त्यांच्या मैत्रिणी रात्री दोनला निघायच्या, थंडीत हातमोज्यांची बोटं कापून टाकायच्या, कारण मोजा घातल्यावर कापड कळत नाही. ज्या सोव्हिएत गिऱ्हाईकानं गिरणी बुडवली तेच आता चौकटीच्या मोठ्या पिशव्या घेऊन समोर उभं होतं. ती पाच वर्षं चांगली गेली. मुलीचं शिक्षण त्या पायजम्यांवर झालं. ऑगस्ट 1998 मध्ये रुबल कोसळला आणि पुढच्या बाजाराला बसगाड्याच आल्या नाहीत.

त्यानंतर एका शाळेत साफसफाई, निवृत्तीपर्यंत. 1 मे 2004 ला पोलंड युरोपीय संघात गेला आणि काही महिन्यांत मुलगी आयर्लंडला. तिथून ती दर रविवारी फोन करते. ओठ दिसावेत म्हणून व्हिडिओवर.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मुलगा 1990 चा जन्म. मी हे सगळं त्याला सांगितलं तेव्हा तो मनापासून चिडला. त्याच्या वडिलांना लष्करी कायद्यात नोकरीवरून काढलं होतं, आईनं पहिलं केळं विशीत खाल्लं. "तुम्ही बाहेरून येता आणि तुम्हाला आमचे जुने दिवस गोड वाटतात," तो म्हणाला. मला ते लागलं. त्याचंही खरं आहे. 1992 पासून 2019 पर्यंत पोलंडची अर्थव्यवस्था एकाही वर्षी आकुंचन पावली नाही, 2009 च्या जागतिक मंदीतही नाही. युरोपात हे दुसऱ्या कुठल्या देशाला साधलं? शेजारच्या रशियात 1992 ला नागरिकांच्या हातात खासगीकरणाचे कागद दिले गेले, ते मूठभरांनी गोळा केले, आणि 1994 मध्ये पुरुषांचं सरासरी आयुर्मान 58 च्याही खाली गेलं. पोलंडमध्ये तसं झालं नाही. मी या शहरात पोट भरते ते त्याच बदलामुळे.

तरीही मी त्याला म्हटलं ते इथेही म्हणते. ज्या बायकांनी 1971 मध्ये पंतप्रधानांना गिरणीत आणून उभं केलं, 1981 मध्ये पोरांना घेऊन रस्ता भरला, त्यांनी ती राजवट हलवली. आणि राजवट पडल्यावर पहिलं बिल त्यांच्या नावानं फाटलं. कारखान्याच्या कारभारात आमचं ऐका, ही त्यांची मागणी होती. ज्या सरकारी कारखान्यांची खासगीकरणासाठी कंपनी केली, तिथली कामगार मंडळं कायद्यानंच विसर्जित झाली. गिरण्या वाचल्या असत्याच असं मी म्हणत नाही. बहुतेक वाचल्या नसत्या. पण बंद करायच्या तर कोणत्या क्रमानं, किती दिवसांत, साचे कुणाला देऊन, बायकांना पुढे काय शिकवून, हे ठरवताना त्या खोलीत एकही विणकरीण नव्हती. आजी वर्षानुवर्षांच्या हलाखीबद्दल फारशा बोलत नाहीत. "आम्हाला कुणी विचारलं नाही," हे एक वाक्य मात्र मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल.

16 एप्रिल 1991 ला वॉर्सात शेअर बाजार उघडला. कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या जुन्या इमारतीत, पाच कंपन्यांवर. त्या पाचांतली एक वूचची, प्रुखनिक, कोट शिवणारी. 2018 मध्ये तिचंही दिवाळं निघालं. आजी मॉलला जाताना घालतात तो कोट प्रुखनिकचा आहे. अस्तर दोनदा बदललंय. बाहेरून अजून एकही धागा निघालेला नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या शालीची कड उसवली. माझ्या आजीकडून मिळालेली नारायणपेठी साडी कापून आईनं केलेली शाल. शेजारच्या आजींनी ती मांडीवर घेतली, तुटलेला धागा शोधला, डब्यातून त्याच जाडीचं दुसरं सूत काढलं आणि माझ्याशी बोलता बोलता एका डाव्या हातानं दोन टोकं जोडली. अंगठ्याखाली एक टोक, तर्जनीवरून वळसा, नखानं दाब, झालं. अर्धा सेकंदही लागला नसेल. बोट फिरवलं तर गाठ हाताला लागत नव्हती.

मी ती गाठ ओळखली. अप्पा तीच मारतात. पतंगाच्या मांज्याला, पिशवीच्या नाडीला, गणपतीच्या आराशीच्या दोऱ्याला, कशालाही. गिरणी गेली त्याला 40 वर्षं झाली, नंतर ते एका इमारतीत वॉचमन होते, तिथे दोऱ्याचं कामच नव्हतं. पण धागा दिसला की हात आपोआप वळतो.

मी तिथूनच मुंबईला फोन लावला. लालबागला रात्रीचे नऊ वाजले होते, अप्पा जेवून बसले होते. मी आजींना पुन्हा एकदा गाठ मारायला सांगितलं आणि फोन त्यांच्या बोटांजवळ नेला. अप्पांनी चष्मा लावला, मोबाइल तोंडाशी धरला. क्षणभर पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

"अगो," ते ओरडले, "ही तर आपली गाठ!"

आजींना शब्द कळले नसणार, पण त्या पडद्यावरच्या ओठांकडे बघत होत्या. "काय म्हणाले ते सांगू नकोस," त्या मला म्हणाल्या आणि डावा हात वर केला. तिकडे अप्पांनी खांद्यावरच्या पंच्याच्या दशीतला एक धागा उपसला होता, दातांनी तोडून त्याचे दोन केले होते. फोन त्यांनी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि दोन्ही धागे कॅमेऱ्यासमोर धरून गाठ मारली. उजव्या हातानं. आजी एकदम पुढे झुकल्या. वळसा उलट्या बाजूनं गेला होता.

"हळू," त्या पोलिशमध्ये म्हणाल्या, "परत एकदा, हळू."

मी मराठीत सांगायच्या आत अप्पांनी दशीतला दुसरा धागा काढला होता.